हैदराबादच्या अंगणात सफरचंद

सफरचंद खाऊन झाले की त्याची बी कुंडीत पुरण्याचा मोह आपल्यापैकी पुष्कळांना झाला असेल. बी उगवतेही; परंतु त्या झाडाला मूळ फळासारखेच फळ येईल असा भरवसा नसतो. सफरचंदाची जात टिकते ती कलमाने. तेव्हा खरा प्रश्न आहे तो कलम कोणत्या जातीचे आणावे, हा.

याचे उत्तर थंडीत आहे. हिवाळ्यात सफरचंदाचे झाड पाने गाळून निद्रिस्त होते, आणि त्या निद्रेत पुरेसा गारवा मिळाल्यावाचून त्याचे डोळे नीट फुटत नाहीत. हा गारवा सामान्यतः ७ अंश सेल्सिअसखालील तासांनी मोजतात. काश्मीर-हिमाचलातील ‘डेलिशस’ जातीला असे सुमारे १००० तास लागतात. आपल्या हैदराबादेत जानेवारीच्या पहाटेही पारा बहुधा १५ अंशांच्या आसपास असतो! बाजारातील त्या तांबड्या फळाचे झाड येथे लावणे म्हणजे केवळ पानांची हौस होय.

इस्रायलमधील ‘अ‍ॅना’ व बहामा बेटांतील ‘डॉर्सेट गोल्डन’ या जातींना थंडी पुष्कळ कमी लागते. मात्र अ‍ॅनाला परागासाठी सोबती हवा; म्हणून या दोन्ही जाती शेजारी-शेजारी लावतात.

तिसरी जात आपल्याच देशातील. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात, पनियाला या उष्ण सखल गावी, हरिमन शर्मा यांच्या अंगणात टाकून दिलेल्या बियांतून एक रोप उगवले. त्याचे कलम त्यांनी आलुबुखाराच्या झाडावर बांधले. बीचा जो लहरीपणा आपण वर दोष म्हणून सांगितला, तोच येथे उपकारक ठरला! ही जात ‘एचआरएमएन-९९’ या नावाने ओळखली जाते. शर्मा यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली.

आपल्या तेलंगणातही आसिफाबादकडील धनोरा गावी एका शेतकऱ्याच्या बागेत २०२० साली सफरचंदे लागली. हैदराबादेतील सीसीएमबी या संशोधनसंस्थेचे त्याला साहाय्य होते. पण तिकडची थंडी शहरापेक्षा कडक असते, हे विसरू नये.

अंगणात एकाच झाडापुरती जागा असेल, तर आम्ही नि:संकोचपणे महबूबनगरकडील ‘बालानगर’ सीताफळ सुचवू. ते या मातीचे आहे. दुसऱ्या झाडाला जागा असल्यास एचआरएमएन-९९ चे कलम डिसेंबर-जानेवारीत लावावे. दुपारच्या उन्हाला भिंतीची सावली मिळेल अशी पूर्वेकडील जागा पाहावी, आणि पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचू नये म्हणून माती थोडी उंच करून घ्यावी.