‘स्माइट’ ह्या शब्दाचा अर्थ व त्याचें मूळ



सन १६११ च्या इंग्रजी पवित्र शास्त्रांत ‘स्माइट’ हें क्रियापद वारंवार येतें. आतां तें बोलण्यांतून बहुतेक गेलें असून त्याच्या जागीं ‘स्ट्राइक’ हा शब्द आला आहे. परंतु जे उपदेशक इंग्रजी शास्त्र पाहून पाठ तयार करितात, त्यांनीं तें नीट समजून घ्यावें. तें न समजल्यास दुःखी घरांत भलतेंच बोलणें आपल्या तोंडून निघण्याचा संभव आहे.

अर्थ. – ह्या एका शब्दाखालीं मूळचे अनेक शब्द झांकले आहेत. मत्तय ५:३९ येथील ग्रीक शब्दाचा अर्थ चपराक मारणें असा आहे. लूक १८:१३ येथें जकातदार ऊर बडवितो. तेथें ग्रीक शब्द निराळा आहे. उलट, निर्गम १७:६ येथें मोशेनें खडकास मारावयाचें आहे, १ शमुवेल २४:५ येथें दाविदाचें मन त्यास टोंचतें, आणि २ राजे ६:१८ येथें सैन्यास अंधत्व येतें. ह्या तिन्ही ठिकाणीं इब्री क्रियापद एकच आहे. म्हणून ‘स्माइट’ दिसतांच क्रोध व नाश असा अर्थ धरूं नये. मागचापुढचा संबंध पाहावा.

मूळ. – लोहारास इंग्रजींत ‘स्मिथ’ म्हणतात. तो शब्द ‘स्माइट’पासून निघाला असें पूर्वीं पुष्कळांस वाटे, पण तें खरें नाहीं. प्राचीन इंग्रजींत ह्या क्रियापदाचा अर्थ माखणें, मळविणें असा होता. मारण्याचा अर्थ मागाहून आला. उत्तर इंग्लंडांतील मेंढपाळ आपलीं मेंढरें ओळखूं यावीं म्हणून लोंकरीवर रंगाची खूण करितात. तिला ‘स्मिट’ म्हणतात. हा शब्द त्याच कुळांतला. माखणें कोठें आणि मारणें कोठें, असें कोणी विचारील. पण आपणही लेप ‘लावितों’, आणि रागाच्या भरांत थोबाडींतही ‘लावितों’!

इंग्रजीची एक प्राचीन भगिनी गॉथिक भाषा. चौथ्या शतकांत बिशप उल्फिलास ह्यानें तींत शास्त्राचें भाषांतर केलें. योहान ९:६ येथें प्रभु आंधळ्याच्या डोळ्यांस चिखल लावितो, तेथें गॉथिक शास्त्रांत ह्याच कुळांतील क्रियापद आहे. एका भाषेंत जो शब्द तडाख्याचा झाला, तोच दुसरींत बरें करणाऱ्या हाताचा आहे.

शब्दाच्या मुळावरून धर्ममत सिद्ध होत नाहीं, हें विसरूं नये. परंतु त्या अध्यायांतील प्रश्न आपल्या गांवांतही रोज ऐकूं येतो. आंधळें मूल जन्मलें कीं शेजारी विचारतात, “पाप कोणाचें? आईचें कीं बापाचें?” शिष्यांनींही हेंच विचारिलें, आणि प्रभूनें दोन्ही गोष्टी नाकारिल्या. तर उपदेशकानें अशा घरीं जाऊन, “देवानें तुम्हांस मारिलें,” असें कसें म्हणावें? त्यानें आईजवळ बसावें, लेंकराला मांडीवर घ्यावें, आणि औषधपाण्याची सोय होत असेल तर ती पाहावी. चिखल लावणाऱ्या त्या हाताची ओळख त्या घरास अशानेंच होईल.

अभ्यासासाठीं प्रश्न: यशया ५३:४ वाचा. दुःख सोसणाऱ्याविषयीं लोकांची समजूत काय होती, आणि पांचव्या ओवींत तिला काय उत्तर मिळतें?