घटक ६ : शास्त्रीय वर्णनाची भाषा (एका लांबपायी माशीच्या आधारे)

६.० उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर तुम्हाला
• ललित वर्णन आणि शास्त्रीय वर्णन यांतील फरक सांगता येईल.
• अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव हे लक्षणाचे दोष ओळखता येतील.
• जातीचे वर्णन आणि नमुन्याचे वर्णन यांतील भाषिक भेद स्पष्ट करता येईल.
• एखाद्या लहान जीवाचे नेमके वर्णन मराठीत लिहिता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण ललित गद्यातील वर्णनाचा विचार केला. तेथे वर्णन वाचकाच्या मनात भाव जागा करते. शास्त्रीय वर्णनाचे काम वेगळे आहे. ज्याने ती वस्तू कधी पाहिलेली नाही, अशा वाचकाला केवळ शब्दांच्या आधारे ती वस्तू इतर सर्व वस्तूंमधून वेगळी काढता आली पाहिजे. लेखक त्याच्या शेजारी नसतो, शंका विचारण्याची सोय नसते. जे काही सांगायचे ते वाक्यालाच सांगावे लागते.

हे काम किती अवघड आहे, हे समजण्यासाठी आपण एक अगदी लहान जीव उदाहरण म्हणून घेऊ. युरोपात आढळणाऱ्या या लांबपायी माशीचे शास्त्रीय नाव पीसिलोबोथ्रस नोबिलिटेटस असे आहे. ही माशी ज्या कुलात मोडते, त्याला डोलिकोपोडिडी म्हणतात. 'लांब' आणि 'पाय' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव घडले आहे. या कुलातील सात हजारांहून अधिक जातींची वर्णने आजवर झाली आहेत. त्यांपैकी बहुतेक माश्या लहान, सडपातळ आणि धातूसारख्या चकाकणाऱ्या असतात. इतक्या सारख्या दिसणाऱ्या जीवांमधून एक जात वेगळी काढायची, तर प्रत्येक विशेषण तोलून वापरावे लागते.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ लक्षण आणि त्याचे तीन दोष

एखादी वस्तू इतरांपासून वेगळी करणाऱ्या धर्माला भारतीय न्यायशास्त्रात 'लक्षण' म्हणतात. लक्षण तीन दोषांपासून मुक्त असावे, असा दंडक आहे. अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहदीपिके'त हे दोष गाईच्या उदाहरणाने समजावले आहेत. 'जी तांबूस ती गाय' असे म्हटले, तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. 'जिला शिंगे ती गाय' असे म्हटले, तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. 'जिचे खूर दुभंगलेले नाहीत ती गाय' असे म्हटले, तर ते कोणत्याच गाईला लागू पडत नाही, हा असंभव.

आता हीच कसोटी आपल्या माशीला लावून पाहू.

'चकचकीत हिरवी माशी' हे वर्णन अतिव्याप्त आहे. घाणीवर, कुजलेल्या मांसावर बसणारी जाडसर माशीही चकचकीत हिरवीच असते. पण ती सर्वस्वी वेगळ्या कुलातील आहे. 'लांब पायांची, चकचकीत हिरवी माशी' असे म्हटल्यास व्याप्ती कमी होते, तरी त्याच कुलातील असंख्य जाती त्यात मावतात.

'पंखाचे टोक पांढरे असलेली माशी' हे वर्णन नेमके वाटते. या जातीच्या नराच्या पंखावर बाहेरच्या बाजूस गडद डाग असतो आणि त्यापुढील टोक दुधी पांढरे असते. मादीच्या पंखावर मात्र ही खूण नसते. म्हणजे हे लक्षण संपूर्ण जातीचे मानले, तर सर्व माद्या जातीबाहेर पडतात. ही अव्याप्ती झाली.

'चार पंखांची माशी' हे वर्णन असंभव आहे. माश्यांच्या गणाला 'द्विपंखी' म्हणतात, कारण त्यांना उडण्यासाठी पंखांची एकच जोडी असते. दुसऱ्या जोडीच्या जागी गदेच्या आकाराचे दोन लहान अवयव असतात. ते उडताना तोल सांभाळतात, म्हणून त्यांना संतोलक म्हणतात.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, एकच लक्षण सहसा पुरत नाही. अनेक लक्षणे एकत्र आली म्हणजे जात निश्चित होते. दुसरी, नर आणि मादी भिन्न दिसत असतील, तर त्यांची वर्णने स्वतंत्रपणे द्यावी लागतात. मादी ओळखण्यासाठी अभ्यासक सूक्ष्मदर्शकाखाली अंगावरील राठ केसांची मांडणी, पंखांतील शिरा असे बारकावे तपासतात.

६.२.२ नाव आणि त्याचे व्याकरण

प्राण्यांना दोन पदांचे नाव देण्याची पद्धत स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस याने रूढ केली. पहिले पद प्रजातीचे, दोन्ही पदे मिळून जातीचे. आपल्या माशीचे संपूर्ण नाव असे लिहितात : पीसिलोबोथ्रस नोबिलिटेटस (लिनीअस, १७६७). येथील कंस अर्थपूर्ण आहे. लिनीअसने १७६७ साली या माशीचे वर्णन केले, तेव्हा तिला 'मस्का' या प्रजातीत ठेवले होते. पुढे तिची प्रजाती बदलली. मूळ वर्णनकर्त्याचे नाव कंसात असणे, ही त्या बदलाची नोंद होय.

भाषेच्या अभ्यासकाने आणखी एक गोष्ट पाहावी. लिनीअसने दिलेले नाव 'मस्का नोबिलिटेटा' असे होते. 'मस्का' हा लॅटिन शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून विशेषण 'नोबिलिटेटा'. 'पीसिलोबोथ्रस' हे नाव पुल्लिंगी आहे, म्हणून विशेषण 'नोबिलिटेटस' झाले. 'हिरवा पंख' आणि 'हिरवी माशी' यांत मराठीत जो नियम चालतो, तोच येथेही चालला आहे. 'नोबिलिटेटस'चा अर्थ 'ख्याती पावलेला, थोर ठरलेला' असा आहे. नावात अशी स्तुती चालते. वर्णनात तिला स्थान नाही.

६.२.३ दोन वर्णनांची तुलना

पुढील दोन उतारे वाचा.

*उतारा अ :* तळ्याकाठी एक अतिशय सुंदर, इवलीशी माशी दिसली. पाचूसारखे तिचे अंग उन्हात लखलखत होते. लांबसडक पायांवर ती डौलात उभी होती आणि पंख हलवून जणू कोणाला तरी बोलावत होती.

*उतारा आ :* शरीर सडपातळ, लांबी सुमारे ६ ते ७ मिलिमीटर. रंग धातूसारखा चकाकणारा हिरवा. पाय बारीक व शरीराच्या मानाने लांब. नर : पंखाच्या बाहेरील भागावर गडद डाग, टोक दुधी पांढरे. मादी : पंखावर डाग व पांढरे टोक नाही. अधिवास : तळी, ओहोळ व डबकी यांच्या काठचा ओला चिखल. काळ : ब्रिटनमध्ये साधारणपणे मे ते ऑगस्ट. वर्तन : नर मादीसमोर पंख उघडून हलवतो, त्या वेळी पांढरी टोके ठळकपणे दिसतात.

पहिला उतारा वाईट नाही. त्याचे प्रयोजन वेगळे आहे. 'सुंदर', 'इवलीशी', 'डौलात' हे शब्द पाहणाऱ्याच्या मनाविषयी सांगतात, माशीविषयी फारसे सांगत नाहीत. 'इवलीशी' म्हणजे नेमकी किती, याचे उत्तर प्रत्येक वाचक वेगळे देईल. 'जणू कोणाला तरी बोलावत होती' या उत्प्रेक्षेमागे मात्र एक खरे निरीक्षण आहे. नर मादीला आकर्षित करण्यासाठी पंखांचे प्रदर्शन करतो. हात वरखाली करणाऱ्या जुन्या रेल्वे सिग्नलला सेमाफोर म्हणत. पंखांच्या अशाच संकेतवजा हालचालींमुळे इंग्रजीत या माशीला 'सेमाफोर फ्लाय' म्हणतात. शास्त्रीय लेखक तेच निरीक्षण ठेवतो आणि उत्प्रेक्षा काढून टाकतो.

याचा अर्थ शास्त्रीय भाषेला उपमा वर्ज्य आहे, असा नव्हे. 'गदेच्या आकाराचे', 'धातूसारखा', 'दुधी' या उपमाच आहेत. आकार किंवा रंग अधिक निश्चित करते ती उपमा येथे चालते.

६.२.४ भाषिक विशेष

१. *काळ :* संपूर्ण जातीविषयी लिहिताना वर्तमानकाळ वापरतात ('नर पंख हलवतो'). विशिष्ट वेळी पाहिलेल्या एका नमुन्याविषयी लिहिताना भूतकाळ वापरतात ('नराने पंख हलवले'). एकदा पाहिलेले वर्तमानकाळात लिहिले, तर एका माशीची गोष्ट सगळ्या जातीच्या माथी मारली जाते.

२. *लिंग :* मराठीत 'माशी' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. त्यामुळे 'नर माशी हिरवी असते' अशी रचना होते आणि वाचक गोंधळू शकतो. 'नर' व 'मादी' ही पदे स्वतंत्र वापरल्यास हा गोंधळ टळतो.

३. *क्रियापदाचा लोप :* 'रंग हिरवा, पाय लांब' अशी क्रियापदरहित वाक्ये वर्णनात चालतात. मात्र क्रम ठरलेला असावा : आधी संपूर्ण शरीर, मग अवयव, शेवटी अधिवास व वर्तन.

४. *सापेक्ष विशेषणे :* 'लांब', 'मोठा', 'गडद' ही विशेषणे एकटी अपुरी असतात. 'कशाच्या मानाने?' या प्रश्नाचे उत्तर वाक्यात असावे.

६.२.५ नेमकेपणाचे महत्त्व

पीसिलोबोथ्रस नोबिलिटेटस युरोपातील असली, तरी लांबपायी माश्यांच्या कुलातील इतर जाती आपल्याकडेही बागेतील पानांवर दिसतात. हिरवी, चकाकणारी माशी दिसताच 'घाणीवरची माशी' किंवा 'कीड' असा शिक्का बसतो आणि फवारणीचा पंप उचलला जातो. वस्तुतः या कुलातील प्रौढ माश्या प्रामुख्याने शिकारी आहेत. मावा, फुलकिडे, कोळी यांसारखे मऊ अंगाचे बारीक जीव त्या खातात. म्हणजे अतिव्याप्त वर्णनामुळे पिकाचा मित्रच शत्रू ठरतो. लक्षणाचा दोष कागदावर राहत नाही, तो शेतापर्यंत पोहोचतो.

६.३ सारांश

शास्त्रीय वर्णन म्हणजे वेगळे काढणारे वर्णन. त्यातील प्रत्येक शब्द अव्याप्ती, अतिव्याप्ती व असंभव या तीन दोषांच्या कसोटीवर तपासावा लागतो. काळ, लिंग, क्रम आणि सापेक्षता यांची काळजी घेतल्यास मराठीत असे वर्णन नेमकेपणाने करता येते.

६.४ पारिभाषिक शब्द

*कुल :* परस्परसंबंधित प्रजातींचा समूह.
*प्रजाती :* निकटच्या जातींचा समूह. द्विपद नावातील पहिले पद.
*संतोलक :* माश्यांमधील पंखांच्या दुसऱ्या जोडीचे तोल राखणारे रूप.
*अधिवास :* जीव जेथे नैसर्गिकपणे राहतो ते स्थान.

६.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

*अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.*
१. 'पंखाचे टोक पांढरे असलेली माशी' या वर्णनात कोणता दोष आहे?
२. वर्णनकर्त्याचे नाव कंसात का लिहितात?

*उत्तरे :* १. मादीला ते लागू पडत नसल्याने अव्याप्ती हा दोष आहे. २. जातीची प्रजाती मूळ वर्णनानंतर बदलली आहे, हे दर्शवण्यासाठी.

*आ) दीर्घोत्तरी प्रश्न :* शास्त्रीय वर्णनात उपमेचे स्थान कोणते, ते उदाहरणांसह स्पष्ट करा.

६.६ क्षेत्रीय कार्य

घराजवळील एखाद्या झाडावर दिसणाऱ्या कोणत्याही एका कीटकाचे दहा मिनिटे निरीक्षण करा. नावाचा उल्लेख न करता आठ ते दहा ओळींत त्याचे वर्णन लिहा. ते वर्णन घरातील अन्य व्यक्तीला देऊन तो कीटक शोधण्यास सांगा. त्यांनी दुसराच कीटक दाखवला, तर तुमच्या वर्णनातील कोणत्या शब्दामुळे तसे झाले ते शोधा आणि वर्णन पुन्हा लिहा.