तिचा आजार आधी तिला सांग

बेळगाव

चि. बाय,

आशा कार्यकर्ती म्हणून तुझी निवड झाली, याचा मला फार आनंद आहे. तिशीपुढच्या बायकांची कॅन्सरच्या तपासणीसाठी यादी करायला गेलीस की त्या विषयच टाळतात, काय बोलावं कळत नाही, असं तू फोनवर म्हणालीस. माझी सगळी नोकरी रुग्णांच्या उशाशी गेली, म्हणून सविस्तर लिहिते.

आजार तिचा आहे, म्हणून त्याची माहिती आधी तिला मिळाली पाहिजे, आणि ती देणाऱ्याने पुढच्या पायरीपर्यंत तिच्याबरोबर चाललं पाहिजे. आपल्याकडे रिपोर्ट नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातात जातो. ‘तिला सांगू नका, खचेल,’ असं डॉक्टरांना आधीच बजावलेलं असतं. मग आपल्याला कसली सलाईन लावतात हे तिला ठाऊक नसतं, आणि दोन डोसांनंतर जरा बरं वाटलं की ‘आता पुरे’ म्हणून ती घरी बसते. तुझ्या जोयडा तालुक्यात तर कागद कन्नडात किंवा इंग्रजीत, आणि बाई बोलते कोकणी किंवा मराठी. तो कागद तिला तिच्या बोलीत वाचून दाखवणं हे तुझं पहिलं काम समज.

यादीचा फॉर्म भरण्याआधी गप्पा मार. घरात पुरुष असतील तर परसदारी किंवा पाणवठ्यावर बोल. पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसलं का, नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त जातं का, घाण वासाचं पांढरं जातं का, असं सरळ विचार. छातीत किंवा काखेत गाठ, बोंडातून रक्ताळ पाणी, आत ओढली गेलेली कातडी, तोंडात तीन आठवड्यांत न भरलेली जखम, हेही विचार. तंबाखू खाणाऱ्या बाईचं तोंड तर उजेडात पाहायलाच लाव. ‘गाठ दुखत नाही, म्हणजे काही नाही’ या समजुतीने फार बायकांचा घात केला आहे. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. उलट प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, बहुतेक नसतातच, हेही तितक्याच ठामपणे सांग. ‘तुकडा काढला की पसरतो’ म्हणतील. तसं होत नाही. तपासणीचा तुकडा घेतल्याशिवाय नेमका आजार कळत नाही आणि औषध ठरत नाही.

आपल्या हातून काय होणार, असं मनात आणू नकोस. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना शिकवून तपासणी सुरू केली. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ अॅसिटिक अॅसिड, म्हणजे व्हिनेगरच, लावायचं आणि मिनिटभराने पांढरा डाग उठतो का ते पाहायचं. २०१३ साली निष्कर्ष आले, तेव्हा तपासणी झालेल्या वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो, त्याची लागण होऊन कॅन्सर व्हायला बहुधा दहा-वीस वर्षं जातात. तेवढ्या काळात डाग सापडला तर साध्या उपचाराने बाई वाचते.

मात्र संशय निघाला की खरी परीक्षा सुरू होते. दांडेली-हल्याळकडून धारवाड-हुबळी, अणशी घाट उतरून कारवार, रामनगरच्या बायकांना बेळगाव किंवा गोवा. कुठेही जायचं तर दिवस मोडतो, मजुरी बुडते. म्हणून ‘मोठ्या दवाखान्यात जा’ एवढंच सांगून थांबू नकोस. कुठे, कोणत्या दिवशी, कोणाबरोबर, हे तिघींनी बसून ठरवा: ती, तू आणि तिच्या विश्वासाची एक बाई. हुबळीत नवनगरला कॅन्सरचं स्वतंत्र रुग्णालय आहे, बंगळुरूला १९७३ पासूनची किदवाई संस्था आहे. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. त्यासाठी सरकारी दवाखान्याची रेफरलची चिठ्ठी आधी घ्या, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा, आणि रुग्णालयात पोचताच योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा. शक्ती योजनेमुळे राज्यातल्या साध्या बसला तिला तिकीट पडत नाही. रेल्वेने दूर जायचं तर रुग्णालयाकडून सवलतीचा फॉर्म भरून घ्या.

किमो चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला तर सकाळची वाट पाहायची नाही. त्या दिवसांत अंगातली प्रतिकारशक्ती खालावलेली असते आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. तुमच्याकडे फोनला रेंज नसते, म्हणून रात्री गाडी कोणाची मिळेल हे पहिल्या डोसाआधीच ठरवून ठेवा. तिच्या घरात थर्मामीटर ठेव आणि तो बघायला तिलाच शिकव. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला काट्याकुट्याने जखम होऊ देऊ नये, शिकवलेले व्यायाम चुकवू नयेत, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय लाकडाचा भारा उचलू नये. हात सुजून लाल झाला तर लगेच दाखवावा.

वाडीतल्यांनाही सांग की कॅन्सर शिवून लागत नाही. तिचं ताट वेगळं करू नका, नातवंडं तिच्या मांडीवरून काढू नका. आणि आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल, तर तिला कण्हत ठेवणं हा नशिबाचा भाग मानू देऊ नकोस. दुखणं कमी करणारी, मॉर्फिनसारखी औषधं आहेत. ती डॉक्टरांकडे मागण्याचा तिला हक्क आहे.

मुलींच्या आयांना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या लशीबद्दल सांग. नऊ ते चौदा हे वय त्यासाठी उत्तम, आणि आता पुण्यात बनलेली लसही आहे. लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तपासणी हवीच, हेही जोडून सांग.

पुढचा फोन करशील तेव्हा किती घरं झाली हे मला सांगू नकोस. संशय निघालेल्यांपैकी कोण दवाखान्यापर्यंत पोचली आणि कोण अजून घरीच आहे, ते सांग. घरी राहिलेलीला नेमकं काय आडवं आलं, पैसा, भीती की सोबत, हे तिलाच विचारून ठेव. त्यावरची वाट आपण दोघी मिळून काढू.

तुझी,
आत्या