पाहुणा होऊन साक्ष देणे

शास्त्रपाठ : 1 थेस्सलनीका 2:1-12 व 3:1-8, प्रेषितांची कृत्ये 17:1-10, योहान 4:1-42



मे महिन्याच्या सुट्टीत अथवा नाताळानंतर आपल्या पुष्कळ मंडळ्यांतील तरुण सुवार्ताकार्यासाठी परप्रांतात जातात. आठ-दहा दिवसांचा मुक्काम, पिशवीत पत्रिका व नवे करार, आणि परतल्यावर मंडळीपुढे वाचावयाचा अहवाल, असे त्या प्रवासाचे स्वरूप असते. ह्या पाठात आपण अशाच एका प्रवासाचा विचार करणार आहोत. ठिकाण चेन्नई, आणि ज्यांच्या दाराशी आपण उभे राहणार ते लोक मुसलमान. ज्यांना चेन्नईस कधीच जावयाचे नाही त्यांनीही हा पाठ बाजूला ठेवू नये. मिरजेत, मालेगावात, जालन्यात आपल्या भिंतीपलीकडून अजान ऐकू येते. आणि वर्षानुवर्षे शेजारी राहूनही एकमेकांच्या घरचे पाणी न प्यालेली ख्रिस्ती व मुसलमान कुटुंबे मला ठाऊक आहेत.

शास्त्रपाठ उघडा. थेस्सलनीका येथे पौल किती दिवस राहिला? लूक तीन शब्बाथांचा उल्लेख करतो. मुक्काम त्याहून थोडा अधिक असेलही, तरी तो अल्पच होता, कारण गावात दंगा उसळला आणि बंधुजनांनी त्याला रातोरात बिरुयास लावून दिले. म्हणजे पौलाची ती भेट आपल्या सुट्टीतील दौऱ्यासारखीच लहान होती. तरीही पुढे लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, आपण कपटाने आलो नाही, खुशामत केली नाही, लोभ झाकण्यासाठी कसले निमित्त पुढे केले नाही. आणि दुसऱ्या अध्यायाच्या आठव्या वचनात तो जे म्हणतो त्यावर प्रत्येक सुवार्तिकाने मनन करावे. त्याला त्या लोकांस सुवार्ता द्यावयाची होती, आणि तिच्याबरोबर स्वतःलाही द्यावयाचे होते. ही दोन दाने त्याने निरनिराळी केली नाहीत. आधी मैत्री करावी, तिच्या आधारे संदेश सांगावा आणि संदेश नाकारला गेला की मैत्री आवरती घ्यावी, असा हिशेब त्या पत्रात कोठेही दिसत नाही.

आता चेन्नईकडे वळू. समुद्रालगतच्या फोर्ट सेंट जॉर्ज ह्या किल्ल्यात सेंट मेरीचे चर्च आहे. त्याची प्रतिष्ठा 1680 साली झाली. तेथे ईस्ट इंडिया कंपनीने एका जर्मन मिशनऱ्याचे संगमरवरी स्मारक उभारले आहे. त्याचे नाव ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. मराठी वाचकाला हे नाव परके वाटू नये. तंजावरच्या भोसले घराण्यातील तुळजाजी राजांनी मृत्यूसमयी आपला दत्तक पुत्र सरफोजी ह्याच्या पालनाची जबाबदारी ह्याच मिशनऱ्यावर सोपवू पाहिली होती. आणि सरफोजी महाराजांनी, स्वतः अखेरपर्यंत हिंदू राहून, तंजावर येथील चर्चसाठी त्याचे स्मारक इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समन ह्याच्याकडून घडवून घेतले. श्वार्ट्झ 1750 साली तरंगंबाडीस उतरला आणि 1798 साली वारला. जवळजवळ अर्धशतक तो दक्षिणेत राहिला. तो तमिळ शिकला, राजवाड्यातील लोकांशी बोलता यावे म्हणून मराठी शिकला, आणि मुसलमानांशी बोलता यावे म्हणून फारसी व हिंदुस्तानी शिकला.

1779 साली मद्रास सरकारला म्हैसूरच्या हैदर अलीकडे शांततेचा निरोप पाठवावयाचा होता. हैदरचा कंपनीच्या माणसांवर काडीचाही विश्वास नव्हता. परंतु ह्या पाद्रीला पाठवावे, तो आपल्याला फसवणार नाही, असे त्याने कळविले होते. श्वार्ट्झ श्रीरंगपट्टणास गेला. तेथे त्याने उघडपणे उपासना घेतल्या, ज्यांनी विचारले त्यांच्याशी तो आपल्या विश्वासाविषयी बोलला, आणि हैदरने त्याला आदराने वागविले. परतताना हैदरने प्रवासखर्चासाठी तीनशे रुपयांची थैली दिली. श्वार्ट्झने ती सरकारपुढे ठेवली. सरकारने ती घेण्यास नकार दिला तेव्हा त्याने ते पैसे स्वतःसाठी न ठेवता तंजावर येथील शाळेच्या कामी लावले. पुढल्याच वर्षी हैदरच्या फौजा कर्नाटकात घुसल्या. मुलूख उद्ध्वस्त झाला. परंतु ह्या पाद्रीला कोणी अडवू नये, त्याला जेथे जावयाचे असेल तेथे जाऊ द्यावे, असा हुकूम हैदरने आपल्या सरदारांना दिला होता.

ही कथा आपल्या वर्गांतून मोठ्या आवडीने सांगितली जाते. तिची दुसरी बाजू मात्र सांगितली जात नाही. ज्या वर्षी हा शांतिदूत निघाला त्याच वर्षी कंपनीने माहे हे ठाणे घेतले होते, आणि त्यावरून हैदर संतापलेला होता. श्वार्ट्झ प्रामाणिक होता; त्याला पाठविणारे तसे नव्हते. एका सच्च्या माणसाचा स्नेह त्यांनी पडद्यासारखा वापरला. माझ्या मते श्वार्ट्झच्या चरित्रातील हा भाग आपल्याला त्याच्या यशापेक्षा अधिक शिकवितो. आपले तरुण जेव्हा कोणाच्या घरी गोड बोलतात आणि बाहेर आल्यावर वहीत आकडा टिपतात, तेव्हा पाठविणारे आपणच असतो. त्या गोडव्याच्या मागे आपण काय दडविले आहे, हे आपणच तपासले पाहिजे.

चेन्नईतील मुसलमानांची वस्ती एकजिनसी नाही. पुष्कळांची मातृभाषा तमिळ आहे. परंतु तिरुवल्लिकेणी, ज्याला सरकारी कागदपत्रांत ट्रिप्लिकेन म्हणत, त्या भागात दखनी उर्दू बोलणारी घरे अजून आहेत. मराठवाड्यातून किंवा सोलापुराकडून गेलेल्या माणसाला तेथे एक शब्द कानी पडताच घर आठवते. तो शब्द म्हणजे ‘नक्को’. आपल्याच ‘नको’ने शेकडो मैलांचा हा प्रवास दखनी भाषेबरोबर केला आहे. तमिळ न येणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसाला ह्या गल्ल्यांत दुभाष्यावाचून बोलता येते, ही मोठी सोय आहे.

ह्याच भागात वालाजा मशीद आहे. अर्काटच्या नवाब मुहम्मद अली वालाजा ह्यांच्या घराण्याने ती 1795 साली बांधली. तिच्यावर कोरलेला फारसी कालदर्शक लेख राजा मक्खनलाल खिरत ह्या हिंदू विद्वानाने रचलेला आहे. रमजानात सायंकाळी येथे शेकडो लोक उपवास सोडण्यास बसतात. त्यांना वाढणारे स्वयंसेवक हिंदू असतात. फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या दादा रतनचंद ह्यांनी स्थापिलेली सूफीदार ही संस्था कित्येक दशके ही सेवा करीत आली आहे. मैलापूरहून शिजवलेले शाकाहारी अन्न येते, डोक्याला टोपी घालून स्वयंसेवक पंगतीतून फिरतात. फाळणीत ज्यांचे सर्वस्व गेले त्यांनी हे करावे! आपल्या मंडळ्यांपैकी कितींनी मुसलमान शेजाऱ्याला एका सायंकाळी खजूर व पाणी नेऊन दिले आहे? हा प्रश्न मी स्वतःला विचारला तेव्हा मला उत्तर देता आले नाही.

1996 च्या जानेवारीअखेरीस, रमजान चालू असताना, आमचा नऊ जणांचा गट तेथे गेला होता. शहराचे नाव तेव्हा मद्रास होते. नामांतर त्याच वर्षी पुढे झाले. पुस्तकबांधणीचे लहानसे दुकान चालविणाऱ्या एका वृद्ध गृहस्थाने आम्हा तिघांना संध्याकाळी घरी बोलाविले. आमच्यातील एका तरुणाने आत शिरताना आपला नवा करार सहज जमिनीवर, चपलांच्या शेजारी ठेवला. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. आपण पवित्र शास्त्र गादीवर टाकतो, उशाखाली ठेवतो, त्यात तांबड्या पेन्सिलीने रेघा ओढतो. यजमानांनी तो उचलला, आपल्या उपरण्याने पुसला आणि भिंतीवरच्या फळीवर ठेवला. मग हळूच विचारले, “हे तुमचे इंजील ना?” त्यानंतर आम्ही आणलेली भाषणे आमच्या तोंडून निघेनात.

उपवास सुटल्यावर तेच बोलू लागले. तुम्ही तीन देव मानता काय, हा त्यांचा पहिला प्रश्न. हा प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो. ‘देवाचा पुत्र’ हे शब्द ऐकताच मुसलमानाच्या मनात शारीरिक जन्माची कल्पना येते आणि ती त्याला देवनिंदा वाटते. अशा अर्थाने ते शब्द आपणही कधीच मानलेले नाहीत, हे प्रथम सांगावे. देव एकच आहे, ह्यात आपली तडजोड नाही, हेही सांगावे. कुराणातील 19 वा अध्याय मरियमेच्या नावाचा आहे. तिच्याविषयी व ईसा मसीहाविषयी त्यांच्या मनात आदर आहे. तेथून बोलण्यास आरंभ करता येतो. परंतु मतभेद लपवू नये. वधस्तंभाच्या ठिकाणी वाट दुभंगते. कुराणाच्या चौथ्या अध्यायातील 157 व्या वचनाप्रमाणे मसीहाला मारले गेलेच नाही, अशी त्यांची श्रद्धा आहे. आणि त्यामागे हट्ट नसून देवाच्या सन्मानाची काळजी आहे. त्या वृद्धांनी विचारले, “तुमच्या मसीहाला मारीत होते तेव्हा खुदा कोठे होता?” मी पाठ केलेले उत्तर न देता इतकेच म्हणालो की, माझ्या विश्वासाप्रमाणे तो तेथेच होता, त्याच खांबावर, आणि माझे लहान मूल गेले त्या रात्री ह्याच एका गोष्टीने मला धरून ठेवले. ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी आपलाही एक मुलगा गेल्याचे सांगितले. आमचे एकमत झाले नाही. त्यांनी माझा हात मात्र सोडला नाही.

शोमरोनी स्त्रीशी प्रभूने संभाषण कसे सुरू केले ते पाहा. त्याने पाणी मागितले. जो देणारा, तो आधी मागणारा झाला. आणि पुढे त्या गावाने आग्रह केला तेव्हा दोन दिवस तेथे पाहुणा म्हणून राहिला. आपल्याला देण्याची इतकी सवय लागली आहे की घेणे कमीपणाचे वाटते. निघताना यजमानांनी फळीवरचा नवा करार हातात घेतला, त्याची शिवण उसवली आहे असे म्हणाले आणि तो दुकानी नेण्यासाठी ठेवून घेतला. दोन दिवसांनी तो परत मिळाला तेव्हा त्याला नवा पुठ्ठा व कापडी पाठ होती. मी पैसे पुढे केले. “नक्को बाबा, नक्को.”

काही गोष्टी थोडक्यात. स्त्रियांनी स्त्रियांशी व पुरुषांनी पुरुषांशी बोलावे. त्यांच्या पैगंबरांविषयी कडू शब्द काढू नये. वादात जिंकलेला माणूस दार उघडे ठेवून येत नाही. घरात आजारी कोणी असेल तर प्रार्थना करू का असे विचारावे. परवानगी मिळाल्यास प्रभूच्या नावाने, साध्या शब्दांत करावी. औषध, पैसा, शाळेतील प्रवेश ह्यांची सुवार्तेशी गाठ कदापि बांधू नये. भारतीय संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदाने आपल्याला धर्मप्रचाराचा हक्क दिला आहे. परंतु त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले. तमिळनाडूत 2002 साली सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध झालेला कायदा पुढे रद्द झाला, तरी अन्य राज्यांत असे कायदे आहेत. निघण्यापूर्वी चौकशी करावी. आणि कोणी बाप्तिस्म्याची इच्छा दर्शविली तर घाई करू नका. तुम्ही नवव्या दिवशी गाडीत बसाल. त्याला आई-वडील, पत्नी, मोहल्ला ह्यांच्यामध्ये राहावयाचे आहे. त्याची गाठ तेथील पाळकाशी घालून द्या.

आता पुन्हा पौलाकडे येऊ, कारण तिसरा अध्याय राहिला आहे. थेस्सलनीकाच्या लोकांची वार्ता न कळल्यामुळे पौलाला चैन पडेना. अथेन्सात एकटे राहणे पत्करून त्याने तीमथ्याला त्यांच्याकडे परत धाडले. आणि तीमथ्य आला तेव्हा, ते लोक आपली आठवण काढतात हे ऐकून त्याला जिवात जीव आल्यासारखे झाले. तीन शब्बाथांची ओळख, आणि तिच्यासाठी एवढी तळमळ!

आम्ही परतलो. मी अहवाल लिहिला. त्यात भेट दिलेल्या घरांची संख्या होती व त्या संख्येत ते घरही होते. मार्च महिन्यात एक आंतर्देशीय पत्र आले. मोडक्या हिंदीत त्या वृद्धांनी विचारले होते की, पुस्तकाची बांधणी टिकली आहे काय, आणि आमच्यातील ज्या मुलाला ताप होता तो बरा आहे काय. पत्र मी टेबलावर ठेवले. ईस्टर आला, मग शिबिरे आली. जुलैत उत्तर लिहिले. ते पत्र, पत्त्यावर कोणी नाही असा टपाल खात्याचा शेरा घेऊन, ऑगस्टमध्ये माझ्याकडे परत आले. पुढे त्या शहरी गेलो तेव्हा दुकानाच्या जागी दुसरेच दुकान होते, आणि शेजाऱ्यांना इतकेच ठाऊक होते की कुटुंब मुलीच्या गावी गेले.

तुमचा गट निघण्यापूर्वी एका वहीत दोन रकाने आखा. पहिल्यात ज्यांच्या घरी तुम्ही जेवलात त्यांची नावे, त्यांनी आनंदाने दिलेच तर पत्ते, आणि दुसऱ्यात तुमच्यापैकी कोण, कोणत्या महिन्यात त्यांना लिहिणार वा भेटणार त्याचे नाव. ती वही अहवालाला जोडू नका. ती गटप्रमुखाच्या घरी राहू द्या, आणि दर महिन्याच्या प्रार्थनासभेत उघडा.