आधी खालचं कोर्ट

सांगली

चि. मनू,

तुझं पत्र मिळालं. मुंबईच्या मोठमोठ्या फर्मना अर्ज धाडले, पण कुणी साधी पोचही दिली नाही, म्हणून तू हिरमुसली आहेस. मैत्रिणीच्या वडिलांनी एक फोन केला आणि तिचं काम झालं, हे तुला लागलंय. वाईट वाटणं साहजिक आहे. पण ओळखपाळख नसलेल्या मुलीला वाटच नाही, हा तुझा निष्कर्ष मला मान्य नाही. वाट आहे, आणि ती आपल्या तासगावपासून फार लांबही नाही.

आधी नियम बघ. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदे शिक्षण नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला एकूण किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला १२. एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त करता येत नाही. त्याच नियमात पुढे म्हटलंय की, खटले चालवणाऱ्या आणि अपिलं चालवणाऱ्या वकिलांकडे प्रत्येकाने एकदा तरी काम केलेलं असावं. कंपन्या, फर्म, संस्था यांच्याकडे खुशाल जा. पण कोर्टाची पायरी कुणालाच चुकत नाही. मग ती पहिलीच का चढू नये? जिल्हा कोर्टात रोज साक्षीपुरावे चालवणाऱ्या वकिलाच्या ऑफिसातून तू सुरुवात करावीस, असं माझं स्पष्ट मत आहे.

का, ते सांगते. समज, वाटपाचा दावा दाखल करायचा आहे. बहिणीला भावांकडून हिस्सा हवाय. ती पिशवीभर कागद घेऊन येते: सातबारे, फेरफार, वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणि साध्या कागदावर लिहिलेली २००३ सालची वाटणी. वकीलसाहेब तिच्याशी बोलता बोलता तुला सांगतात, ‘वंशावळ काढ आणि तारखा लाव.’ वर्गात तू शिकली आहेस की हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच सहदायिकाचा हक्क मिळाला, आणि वडील त्याआधी वारले असले तरी तो जात नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात दिला. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेलं वाटप ही दुरुस्ती मोडत नाही. आता तो २००३ चा कागद उलटून बघ. तारीख जुनी आहे, पण नोंदणी कुठे आहे? भाऊ फेरफाराकडे बोट दाखवतील. फेरफार महसुलाच्या कामापुरता असतो, त्याने मालकी ठरत नाही. अख्खा दावा त्या एका कागदाभोवती फिरणार, आणि समोर बसलेल्या बाईचं उरलेलं आयुष्यही. कायदा असा माणसासकट समोर आला की तो विसरायला होत नाही. मोठ्या फर्ममध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलीच्या हाती अशी पिशवी क्वचितच येते.

आता मागायचं कसं. संस्थेच्या ईमेलवर अर्ज टाकून वाट बघत बसू नकोस, माणसाकडे माग. इंटर्न घ्यायला तयार असलेल्या, किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलांच्या जिल्हावार याद्या राज्य बार कौन्सिलने कराव्यात, असं वरच्याच नियमांत आहे. कॉलेजात त्याची चौकशी कर. पण त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे स्वतः कोर्टात जाऊन बसणं. कोर्ट सर्वांना खुलं असतं. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, बघ, पुरावा कुठे चालू आहे ते विचार आणि मागच्या बाकावर बस. उलटतपास कोण तयारीने घेतं, पक्षकाराशी कोण नीट बोलतं, ज्युनिअरला कोण समजावून सांगतं, हे दोन-चार दिवसांत कळतं. त्यातल्या एकाच्या ऑफिसात संध्याकाळी वेळ घेऊन जा. तुमचा अमुक साक्षीदाराचा उलटतपास मी ऐकला, तुमच्याकडे शिकायचं आहे, असं सांग. हे खरं असेल तर ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं.

अर्ज एका पानाचा असू दे. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत येणार, काय शिकायचं आहे आणि तुझा उपयोग काय होईल, एवढंच लिही. मूट कोर्टची बक्षिसं खाली एका ओळीत बसतील. तुझ्याकडे एक मोठी जमेची बाजू आहे, ती तू अर्जात लिहितच नाहीस: तुला मराठी दस्त वाचता येतो, सातबारा समजतो आणि खेड्यातल्या माणसाशी बोलता येतं. इथलं कामकाज मराठीत चालतं. युनिकोड मराठी टायपिंग येत्या महिन्यात शिकून घे. मराठीत मसुदा बिनचूक टाइप करणारी मुलगी कुठल्याही ऑफिसला हवी असते.

वेळ मात्र सांभाळ. तुम्हाला सुट्टी मिळते मे महिन्यात आणि दिवाळीत. नेमकी तेव्हाच दिवाणी कोर्टांनाही सुट्टी असते. मे महिन्यात आलीस तर ऑफिसात फायली दिसतील, साक्षीपुरावा दिसणार नाही. म्हणून कोर्टं उघडल्यावर जूनमध्ये ये आणि अर्ज मार्चमध्येच दे.

दोन वकिलांनी नाही म्हटलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतले आरोपी यांना तिथे मोफत वकील मिळतो, आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना विधी स्वयंसेवक म्हणून काम करता येतं. अपिलांच्या बाजूसाठी आता मुंबईलाच जायला हवं असंही नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि आपला जिल्हा त्यातच येतो. पुढच्या वर्षी तिथल्या वकिलाकडे अर्ज कर. तेव्हा खालच्या कोर्टात महिनाभर काम केलंय, असं तुला सांगता येईल.

जागा मिळाली की खरी कसोटी. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचं बोर्ड बघ, ई-कोर्ट्स ॲपवर सीएनआर नंबर टाकून प्रकरण कुठवर आलंय ते वाच. नकलेचा अर्ज कसा देतात, पुरसीस कधी देतात, रोजनाम्यात काय लिहितात, हे वकिलांच्या कारकुनाकडून शीक. त्यांचा मान ठेव, कारण कोर्टाची वाट त्यांच्याइतकी कुणाला माहीत नसते. रोज रात्री डायरी लिही. परीक्षेला एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला पाहिल्याची नोंद लागतेच, पण डायरी त्यासाठीच लिहू नकोस. ऑफिसात ऐकलेलं ऑफिसातच ठेव. पक्षकाराचं नाव, कागदाचा फोटो, यातलं काहीही फोनवरून कुणाकडे जाता कामा नये, मैत्रिणीकडेसुद्धा नाही.

पैशांचं आधीच विचारून घे. अशा ऑफिसात विद्यावेतन बहुधा मिळत नाही, पण एसटीच्या खर्चाचं विचारण्यात कमीपणा नाही. उलट तुझ्याकडूनच पैसे घेऊन घरबसल्या प्रमाणपत्र देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नकोस. आणि कुणाचं वागणं खटकलं तर गप्प बसू नकोस. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात. ऑफिसात दहाहून कमी माणसं असली तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. मला तर मध्यरात्रीही फोन कर.

माझ्याच ऑफिसात ये, असं मी मुद्दाम म्हणत नाही. आत्या तुझी चूक पोटात घालेल. परका सीनियर ती दाखवेल, आणि तेच तुझ्या हिताचं आहे. या रविवारी अर्जाचा मसुदा करून मला पाठव. मी दुरुस्त करून देईन, पण कोर्टात जाऊन वकील निवडायचं काम तुझं. दादा-वहिनींशी मी बोलते.

तुझी,
आत्या