पिसाळलेले कुत्रे : मारण्यापेक्षा टोचणी



गाळप सुरू झाले की गावची कुत्री आणि तोडणी टोळ्यांबरोबर आलेली कुत्री कोप्यांभोवती एकत्र होतात. एखादे पिसाळले की 'सगळी मारा' अशी ओरड होते. पण कुत्री मारून किंवा दुसऱ्याच्या शिवारात सोडून रोग हटत नाही. मोकळ्या जागी लस न टोचलेली नवी कुत्री येतात. शंभरातील ७० कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली तर साखळी तुटते. गोव्यात गावोगाव अशी टोचणी झाली आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले. आपले कुत्रे आपण धरून आणावे; मोकाट कुत्र्यांसाठी ग्रामपंचायतीने जाणती माणसे बोलवावीत.

कुत्रे चावले तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे जखम धुवा. चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. पोटातली १४ इंजेक्शने आता राहिली नाहीत, लस दंडावर देतात. रक्त आले असेल तर जखमेतही औषध टोचावे लागते, ते मागून घ्या. लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, म्हणून एकही डोस चुकवू नये. तोडणीवाल्याचे पोर असेल तर टोळी हलताना मुकादमाने कार्ड बरोबर द्यावे. पुढचा डोस पुढच्या गावी घेता येतो.

बैलालाही हा रोग होतो. लाळ गळू लागली, हंबरून आवाज बसला, तर घशात काही अडकले समजून तोंडात हात घालू नका. रोग लाळेतच असतो. आधी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा.