टेबलावरून उतरताना कागद मागा

सोलापूरच्या भवानी पेठेत, घोंगडे वस्तीच्या आसपास, बायकांची निम्मी दुखणी दोनच वाक्यांत मांडली जातात. 'अंगावरून पांढरं जातंय' आणि 'पिशवीला सूज आलीय'. विड्या वळणाऱ्या, टॉवेलला शिलाई मारणाऱ्या, दिवसभर एका बैठकीत बसणाऱ्या आमच्या बायका दवाखान्यात यापुढे बोलत नाहीत आणि त्यांना पुढे फारसं कुणी विचारतही नाही. माझं दुखणं पहिल्या वाक्यातलं होतं. जे झालं ते दुसऱ्या कुणाला होऊ नये म्हणून लिहिते.

जवळच्याच एका दवाखान्यात गेले होते. डॉक्टरांनी आतून तपासलं आणि म्हणाले, पिशवीच्या तोंडाला जखम आहे, आत्ताच जाळून टाकू, दहा मिनिटांचं काम आहे. खोलीत दुसरी बाई नव्हती. पडद्यापलीकडे पुढच्या पेशंट बसल्या होत्या. कशानं जाळणार, त्याआधी काही तपासणी लागते का, हे विचारायला तोंड उघडेपर्यंत पोटात जोराची कळ आली आणि काम उरकलंसुद्धा. गोळ्यांची चिठ्ठी घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवसापासून पाण्यासारखा स्राव सुरू झाला, इतका की पॅड पुरेनात. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. परत गेले तेव्हा उत्तर मिळालं, "मुलं झालीत ना? मग पिशवी काढूनच टाका. ठेवली तर पुढे कॅन्सर होईल."

ऑपरेशनच्या पैशांची जमवाजमव चालू असताना बार्शीची नणंद आली. तिनं एकच विचारलं, "वहिनी, रिपोर्ट कुठाय?" रिपोर्ट नव्हता. "रिपोर्टशिवाय पिशवी काढतात होय?"

तिला हे माहीत असण्याला कारण आहे. तिच्या सासरची माणसं धाराशिवकडच्या खेड्यातली. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1999 पासून बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून फार मोठा अभ्यास केला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका त्यात होत्या. काही गावांत एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली, काही गावांत पॅप म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी, काही गावांत ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि काही गावांत नेहमीचेच उपचार व माहिती. या शेवटच्या गावांना तपासणीविना ठेवलं म्हणून पुढे वादही झाला आणि तो व्हायलाच हवा होता. निष्कर्ष 2009 साली छापून आले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू साधारण निम्म्यावर आले होते. नणंदेच्या सासूबाईंची तपासणी त्याच अभ्यासात झाली होती, त्यामुळे त्या घरात 'रिपोर्ट' ही चीज ओळखीची आहे.

मग आम्ही सिव्हिलला गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न केला, "आधी काय केलं होतं? क्रायो की करंट? त्याआधी पॅप झालं होतं का, तुकडा तपासला होता का?" माझ्याकडे गोळ्यांच्या चिठ्ठीशिवाय काही नव्हतं. माझ्याच शरीरावर काय केलं गेलं ते मला सांगता येईना, याचा मला अजून राग आहे. आतलं भरून येईपर्यंत थांबावं लागलं, मग पॅप झालं. रिपोर्टमध्ये जंतुसंसर्ग निघाला, कॅन्सरच्या पेशी नाहीत. गोळ्यांनी बरं वाटलं. पिशवी जागेवर आहे.

त्यांनी दोन गोष्टी समजावल्या. क्रायोमध्ये गोठवणाऱ्या गॅसनं वरचा थर नष्ट करतात आणि त्यानंतर दोन ते चार आठवडे पाणी जाणं अपेक्षितच असतं. हे वाक्य आधी कुणी उच्चारलं असतं तर आमच्या घरातली ती घबराट टळली असती. दुसरी गोष्ट, पिशवीच्या तोंडाशी दिसणारा लालसर भाग पुष्कळदा जखम नसतोच. आतलं नाजूक अस्तर बाहेर दिसत असतं, पाळी चालू असलेल्या कितीतरी बायकांत ते असतं आणि एरवी त्रास नसेल तर त्याला उपचारही लागत नाहीत. जाळायचंच असेल तर आधी तपासणी.

म्हणून बायांनो, ओपीडीत काय काय होतं ते आधीच माहीत करून घ्या. पॅपमध्ये स्पेक्युलम घालून छोट्या ब्रशनं पेशी घेतात, दोन-तीन मिनिटांत होतं, टोचत नाही, उपाशी जायची गरज नाही. पाळी संपल्यावर जावं आणि आधीचे दोन दिवस आतून औषध व संबंध टाळावेत. ॲसेटिक ॲसिडच्या पाहणीत मिनिटभर थांबून पांढरे डाग दिसतात का ते बघतात. डाग दिसला म्हणजे कॅन्सर नव्हे. मग कॉल्पोस्कोप या दुर्बिणीतून पाहून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात. चिमटा बसल्यासारखं होतं, थोडं रक्त जातं, लावलेल्या औषधामुळे काळपट स्रावही जातो. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर पिशवीच्या आतल्या अस्तराचा नमुना घेतात, बारीक प्लास्टिकच्या नळीनं, बहुतेक वेळा भूल न देता. यात कळ येते. आधी वेदनाशामक घेऊ का, हे बेधडक विचारा. दिवस गेल्याची शंका असेल तर कुठल्याही तपासणीआधी ते सांगा. तांबी बसवल्यावर काहींना घेरी येते, लगेच उठून रिक्षा पकडू नका.

घरी आल्यावर ताप, घाण वास, वाढत जाणारी पोटदुखी किंवा तासाभरात पॅड भिजणं यांपैकी काही झालं तर सकाळची वाट पाहू नका.

तुकडा काढला असेल तर तो लॅबला गेला का ते विचारा. आमच्या गल्लीतल्या एका अक्काचं क्युरेटिंग, म्हणजे पिशवी आतून खरवडणं, झालं आणि निघालेलं सगळं फेकून दिलं गेलं. वर्षभरानं पुन्हा रक्त सुरू झालं, तेव्हा सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

हे मागणं म्हणजे आगाऊपणा नव्हे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत माहिती, संमती, खासगीपणा, कागदपत्रं आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत हे सगळे हक्क आहेत. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर खोलीत बाई हजर असण्याचा हक्कही त्यात आहे. महाराष्ट्राच्या 2021 च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायची असते.

न विचारल्याची किंमत काय असते ते बीडनं दाखवलं आहे. ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या किती गेल्या हे पाहण्यासाठी 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ऐंशी हजारांवर बायकांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. पांढरं जाणं, कंबरदुखी, पाळीचा त्रास, अशी साधी कारणं घेऊन त्यांतल्या कितीतरी जणी दवाखान्याची पायरी चढल्या होत्या. कमी वयात पिशवीबरोबर बीजकोशही गेले की हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो, आणि फडात मोळी तर उचलावीच लागते.

तिशी ओलांडली असेल तर त्रास नसला तरी एकदा गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या. सिव्हिलच्या स्त्रीरोग ओपीडीत किंवा जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात विचारा. शेवटच्या पाळीची तारीख, चालू गोळ्या आणि जुने सगळे कागद सोबत न्या, जावेला नाहीतर शेजारणीला बरोबर घ्या. टेबलावर चढण्याआधी 'काय करणार आहात' हे विचारा आणि उतरल्यावर 'काय केलंत' हे लिहून घ्या.